पारूबाईचं डोकं

आमच्या गावात पाणी शोधायची रीत ठरलेली होती. पायाळू माणूस गाठायचा. आईच्या पोटातून जो पायांनी आधी बाहेर आला त्याला जमिनीखालचं पाणी कळतं, असं नेकनूरच्या अलीकडे पलीकडे सगळेच मानत. शिकलेले लोक मानत नाही म्हणायचे आणि विहिरीच्या वेळी गुपचूप पायाळू माणसाच्या दारात येऊन बसायचे. माझी थोरली जाऊ पारूबाई पायाळू होती. त्यात तिला फिट यायची. म्हणजे गावाच्या लेखी ती पाण्याचं यंत्रच झाली.

मी चिडून लिहितेय हे आधीच सांगते. पारूबाई जाऊन चार वर्षं झाली, आणि अजून तिचं नाव निघालं की म्हातारी माणसं हात जोडतात. "देवमाणूस व्हती," म्हणतात. जिवंतपणी तिच्यासमोर कुणी असं म्हटलं असतं तर तिनं त्याला दारातून हाकललं असतं. म्हणून जे झालं ते सांगते.

बहात्तरच्या दुष्काळात ती नवी नवरी होती. पाझर तलावाच्या कामावर माती टाकून परत येताना ओढ्याच्या कडेला, गावचे मोठे बागायतदार आबासाहेब यांच्या रानात, ती पडली. पडण्याआधी म्हणाली, "गाळाचा वास यायलाय." विहिरीतला गाळ उपसताना येतो तसा काळा, गार वास. आसपास तर चिमणीच्या चोचीपुरतंही पाणी नव्हतं. सोबतच्या बायकांनी ते ऐकलं, गावभर केलं, आणि आबासाहेबांनी नेमकं तिथं खणलं. पाणी लागलं. ओढ्याच्या काठाला नाही लागणार तर काय माळावर लागेल? पण हे विचारणार कोण!

विहीर झाली. मग रीतही सुरू झाली. आम्ही बौद्ध वस्तीतल्या बायका घागरी घेऊन काठापासून लांब उभ्या राहायचो. गावातलं कुणीतरी पाणी शेंदायचं आणि त्याच्या सवडीनं आमच्या घागरीत वरून ओतायचं. कायदा काय म्हणतो ते सगळ्यांना पाठ होतं, पण कायदा काही आमच्यासाठी पोहरा ओढायला येत नव्हता. ज्या बाईच्या पडण्यावर विहीर खणली, तीही त्याच रांगेत उभी असायची.

आमच्या सासूबाई भिवराबाई. छप्पन साली सासऱ्यांनी देव्हाऱ्यातले टाक पाटीत भरून नदीत सोडले, हे त्या अभिमानानं सांगायच्या. पण गावातली मोठी माणसं नारळ घेऊन आमच्या उंबऱ्याशी यायला लागली तशा त्या विरघळल्या. मी त्यांना फार बोल लावत नाही. ज्यांनी जन्मभर लांब उभं केलं ती माणसं दारात वाकून उभी राहिली, तर कुणालाही बरं वाटेल. पारूबाईला मात्र तो नारळ बघूनच संताप यायचा. ती तो उचलून फोडायची आणि खोबऱ्याची चटणी वाटायची.

फिट कशी यायची ते मी सून म्हणून या घरात आल्यावर पुष्कळदा पाहिलं. आधी तो वास. मग पोटातून भीती वर चढायची, कशाची ते तिला सांगता यायचं नाही. नजर एका जागी थिजायची, ओठ मचमच करायचे, बोटं पदर चाळवत राहायची. आणि मग ती धाडकन पडायची. लोक नाकाला चप्पल लावायचे, कांदा लावायचे, कुणी हळद टाकायचं, कुणी "बोल, पाणी कुठं हाय?" म्हणून विचारायचं. शुद्धीवर आल्यावर तिला अर्धा दिवस आपली माणसंही नीट ओळखू यायची नाहीत. एकदा पडताना तिचा समोरचा दात तुटला, तेव्हा तिचे मालक, म्हणजे माझे थोरले दीर जालिंदर, तिला अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. सोबत मी होते.

तिथला डॉक्टर तरुण होता, पण घाईत नव्हता. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "वास दर वेळी तोच येतो?" ती हो म्हणाली. मग त्यानं औरंगाबादला पाठवून डोक्याला तारा लावून कागद काढून आणायला लावला, आणि त्या कागदावरच्या वेड्यावाकड्या रेघांवर बोट ठेवून समजावलं. मेंदूतल्या पेशी एकमेकींशी बारीकशा विजेनं बोलतात. त्यातून आपलं बघणं, बोलणं, हात हलवणं, घाबरणं सगळं होतं. पारूबाईच्या उजव्या कानाच्या आतल्या अंगाला, मेंदूच्या एका भागात, लहानसा व्रण आहे. तिथली वीज मधूनच आपल्या मनानं उसळते. त्या भागात वासाची जागा आहे, म्हणून आधी वास येतो. शेजारीच भीतीची जागा आहे, म्हणून मग भीती वाटते. उसळी सगळ्या मेंदूत पसरली की माणूस पडतं. "बहुतेकांना जळकट घाणेरडा वास येतो," तो म्हणाला, "तुम्हाला गाळाचा येतो, एवढंच."

"पण गाळ तर कुठं नसतो," मी म्हटलं.

"नाक फक्त निरोप आणतं. वास ओळखतो तो मेंदू. निरोप आलाच नाही आणि मेंदूतली ती जागा आपोआप पेटली, तरी माणसाला वास येणारच. आणि तो अगदी खरा वाटणार."

पारूबाईनं त्याला हे पुन्हा सांगायला लावलं. मग तिनं विचारलं, "आन् पायाळूचं काय, डॉक्टरसाहेब?"

तो म्हणाला, "पाय आधी आले की कधी कधी डोकं मागं अडकतं. बाळाला हवा कमी पडते. हा व्रण तेव्हाचा असू शकतो, नक्की सांगता येणार नाही. पायाळू असण्याचा संबंध असलाच तर एवढा."

परतीच्या एसटीत ती खिडकीशी बसून हसत होती, तुटक्या दातानं. "शिंदू, आगं मला काय झालंय ते मला कळलं," ती म्हणाली. मला त्या दिवशी ती जितकी आवडली तितकी कधीच आवडली नाही.

जालिंदरदाजी पाणी सोसायटीची मोटार चालवायचे. आबासाहेबांनी ती विहीर पुढं सहकारी पाणी सोसायटीला दिली होती, सोसायटीचे चेअरमन तेच, आणि गावातल्या प्रत्येक घराप्रमाणे आमच्या वस्तीनंही तिचे शेअर घेतलेले. त्यामुळे पारूबाईला उपमा आयती सापडली. वस्तीतल्या बायकांना ती सांगायची, "मोटारीची वायर एका जागी सोलली की तिथं ठिणगी उडती का न्हाई? तसं माझ्या डोक्यात एक जागा सोललेली हाय. देव न्हाई, भूत न्हाई." डॉक्टरनं रोज घ्यायला दिलेल्या गोळीनं तिला झोप यायची, हिरड्या सुजायच्या. कुणी त्यावरून टोकलं की म्हणायची, "सुजू दे की, हिरडी माझी हाय." फिट बंद झाली. कित्येक वर्षं ती एकदाही पडली नाही.

मग शहाऐंशीचा दुष्काळ आला. विहिरीचं पाणी तळाला गेलं, मोटार बंद ठेवली, सगळं गाव पोहऱ्यानं शेंदायला लागलं. आमच्या घागरी भरायला आता कुणाला सवडच होईना. सोसायटीनं दोन ठिकाणी बोअर घेतले, दोन्हीतून नुसती धूळ आली. आता एकच घ्यायची ऐपत उरली होती. एका सकाळी आबासाहेब आमच्या वस्तीत आले. उंबऱ्याबाहेरच थांबले, पण आवाजात गूळ होता.

"पारू, आठ दिस गोळी बंद ठेव. रानातून जरा हिंड. जिथं वास येईल तिथं आपण बोअर घेऊ."

"वास जमिनीतून येत न्हाई, आबासाहेब. माझ्या डोक्यातून येतो."

"बहात्तरला आला व्हता ना?"

"बहात्तरला तुमी ओढ्याला खणलंत. मी नसते पडले तरी पाणी लागलं असतं."

आबासाहेब हसले आणि जालिंदरदाजींकडे बघत म्हणाले, "मोटार बंद हाय. मोटारवाल्याचं काय करायचं ते सोसायटीला बघावं लागंल." पारूबाईनं सरळ सांगितलं, "बघा तुमी. गोळी बंद व्हनार न्हाई."

बाहेरच्यांना नाही म्हणणं सोपं होतं. खरा पेच घरातून आला. आमच्या वस्तीनं दुसराच डाव मांडला. भिवराबाई तिच्याजवळ बसून म्हणाल्या, "गोळी ठेव बंद. पर वस्तीच्या भाईर पाऊल टाकू नगं. हितंच पडशील. मंग सोसायटीला हितंच खणावं लागंल. आपली सवताची हीर व्हईल, माय. कुणाच्या तोंडाकडं बघायला नगं." भोवतीच्या बायका माना डोलावत होत्या. हिशेब मूर्खपणाचा नव्हता, हेच त्यातलं वाईट. तहानलेल्या माणसांचा तो हिशेब होता. पारूबाई एकदा पडली की पुरे, असं सगळ्यांना वाटत होतं. अचानक गोळी सोडली तर फिट दुपटीनं येते, जीवही जातो, हे डॉक्टरनं बजावलेलं मी सांगून बघितलं. ते कुणाला ऐकूच गेलं नाही.

पारूबाई म्हणाली, "आत्याबाई, मी पडते तवा मी तिथं नसतेच. माझे हात माझे नसत्यात, तोंड माझं नसतं. लई वर्सांनी मी माझ्या डोक्यात राहायला लागलेय. मी भाईर निघनार न्हाई. कुनासाठी बी न्हाई."

भिवराबाईंनी वाद घातला नाही. त्यांनी गोळ्यांची पुडी फळीवरून उचलली आणि लपवली. पारूबाईनं घर पालथं घातलं, विचारलं, भांडली. सासूबाईंनी पुडी काही काढून दिली नाही. जालिंदरदाजी अंबाजोगाईला गोळ्या आणायला निघाले, पण तोवर उशीर झाला होता. भाकरी थापता थापता तिनं मान वर केली आणि मला म्हणाली, "शिंदू, वास यायलाय. मला धर." मी उठेपर्यंत ती चुलीवर पडली होती. उजवा हात निखाऱ्यात.

मी तिला ओढून काढलं, कुशीवर वळवलं, हातावर घरातलं होतं नव्हतं ते पाणी ओतलं. आणि तेवढ्यात माणसं आली. बातमी कशी धावते ते मला अजून समजलेलं नाही. सोसायटीचा माणूस चुना घेऊन आला आणि आमच्या चुलीभोवती त्यानं पांढरं रिंगण ओढलं. बाई शुद्धीवर यायची बाकी होती, तिचा हात सोलून निघाला होता, आणि हे लोक बोअरचं मशीन वस्तीच्या बोळात शिरेल का त्याची चर्चा करत होते. मी त्यांना ज्या शिव्या दिल्या त्या इथं लिहीत नाही, पण एकीचाही मला पस्तावा नाही.

तिला नीट भान आलं ते दुसऱ्या दिवशी सकाळी. तिनं हाताची पट्टी बघितली, मग चुलीभोवतीचं रिंगण बघितलं. डाव्या हातानं पोतेरं घेतलं आणि चुना पुसून टाकला. भिवराबाई दारात उभ्या होत्या. त्यांच्याकडे तिनं बघितलंही नाही. शाळेच्या पटांगणात सोसायटीची सभा भरली होती, तिकडं ती निघाली. तिला चालताना अजून झोकांड्या जात होत्या. मी मागून निघाले, आणि बघता बघता वस्तीतल्या बायकाही निघाल्या, काही तिला अडवायला आणि काही नुसत्या बघायला.

आबासाहेब तिला बघून उठलेच. "ये पारू. जागा मिळाली बघ. तुमच्याच वस्तीत मिळाली!"

"जागा न्हाई मिळाली. माझ्या गोळ्या लपवल्या म्हणून मी पडले. चुलीपाशी व्हते, म्हणून चुलीवर पडले. उकिरड्यावर असते तर उकिरड्यावर पडले असते. तिथं खणलं असतं का?"

कुणीतरी हसलं. ती त्याच्याकडे वळली.

"एक काय ते ठरवा. माझ्या डोक्याला पाणी कळतं म्हणत असाल, तर ती खालची हीर माझ्यामुळं झाली. मंग माझ्याच हिरीवर मला लांब का म्हणून उभं करता? आन् कळत न्हाई म्हणत असाल, तर माझ्या चुलीभवती चुना कशाला? माझं बिघडलेलं डोकं तुमाला चालतं, आन् माझा हात चालत न्हाई व्हय?"

"हा आजच्या सभेचा इषय न्हाई," आबासाहेब म्हणाले.

"तर मी इषय मांडते. आमी सभासद हाओत. पाणी शोधायचं तर सरकारी भूजलवाल्यांना बोलवा, त्यांचं यंत्र असतंय म्हणं. माझ्या वस्तीत खणायचं तर आमी तहानलेले हाओत म्हणून खणा, मी पडले म्हणून न्हाई. आन् तवर हाय त्या हिरीवर आमी आमच्या हातानं शेंदणार. आत्ता."

एवढं बोलून ती विहिरीकडं चालू लागली. मला भीती वाटली, खोटं कशाला सांगू? मारतील असं वाटलं. पण सगळं पटांगण नुसतं उठून आमच्या मागं आलं. आबासाहेब काठाजवळ येऊन थांबले. त्यांच्या चेहऱ्यावर राग होता आणि त्याच्या खाली भीतीही होती. चौदा वर्षं ज्या बाईसमोर नारळ ठेवले तिचा हात धरून तिला मागं ओढायचं कुणी? स्वतःच्याच अंधश्रद्धेनं त्यांचे हात बांधले होते. पारूबाईला ते दिसलं आणि आवडलं नाही. ती मोठ्यानं म्हणाली, "घाबरू नगा. माझ्यात काय बी न्हाई. आडवायचं तर माणूस म्हणून आडवा."

कुणी अडवलं नाही. तिनं पोहरा सोडला. उजवा हात निकामी, म्हणून डाव्या हातानं दोर ओढायची, पायाखाली दाबून धरायची आणि पुन्हा ओढायची. मी मदतीला गेले तर तिनं कोपरानं दूर केलं. पोहरा वर आला तेव्हा त्यात निम्मं गढूळ पाणी होतं. तिनं तो काठावर ठेवला आणि मग मला म्हणाली, "आता तू शेंद." मी शेंदलं. माझ्यानंतर दुसरी पुढं आली, मग तिसरी.

भिवराबाई मात्र लांब, रोजच्या जागीच उभ्या होत्या. पारूबाई त्यांच्यासमोर गेली आणि तिनं जळका हात पुढं केला.

"आत्याबाई, माझ्या गोळ्या."

 त्यांनी कनवटीतून पुडी काढली, सुनेच्या हातावरच्या पट्टीवर ठेवली, आणि आयुष्यात पहिल्यांदा विहिरीच्या काठापर्यंत चालत गेल्या. पोहऱ्यातलं पाणी तांब्यात घेऊन त्या परत आल्या. पारूबाईनं सगळ्या गावासमोर गोळी जिभेवर ठेवली आणि त्या पाण्याबरोबर गिळली.