फुटव्याची सुई

मुलांनो, परवा तुम्ही माझ्या गुडघ्यासाठी स्टेम सेलच्या इंजेक्शनची जाहिरात पाठवलीत. मी उत्तर दिलं नाही. वेल्ह्याचा एक तपास अजून माझी पाठ सोडत नाही, तो लिहिते; तेच माझं उत्तर समजा.

मी तेव्हा तिथल्या पोलीस ठाण्याची प्रभारी होते. पासली गावाकडच्या एका आशा सेविकेनं एक कार्ड आणून दिलं. त्यावर इंग्रजीत नुसतं ‘स्टेम सेल थेरपी’ असं छापलं होतं. एक बोगस डॉक्टर मोटारसायकलवरून गावोगाव सुया देत होता. पण त्याचं नाव कुणाकडूनच कळत नव्हतं.

वैद्यकीय अधिकाऱ्यांनी मला समजावलं, "स्टेम सेल म्हणजे मूळपेशी. त्या शरीराची झीज भरून काढतात आणि काम झालं की थांबतात. कर्करोगात काही पेशी तशाच वाढतात, पण थांबत नाहीत."

मग आम्ही दारोदार विचारलं, "मूळपेशीचं इंजेक्शन कुणी घेतलं?" एका ओसरीवर पन्नाशीच्या बाई तांदूळ निवडत होत्या. "न्हाई बा, असलं कायबी न्हाई." मी ‘नकार’ लिहून पुढे गेले.

तीन आठवडे नकारच. शेवटी माझी महिला हवालदार, उत्रोलीच्या शेतकऱ्याची लेक, म्हणाली, "मॅडम, रागावू नका. तुमचा शब्द कुणाला कळंना. काल एसटीत बाया ‘फुटव्याची सुई’ म्हनत व्हत्या."

भाताच्या रोपाला बुडातून नवे कोंब येतात, तो फुटवा.

पुन्हा त्याच ओसरीवर गेलो. "व्हय, चार घेतल्या की," बाई म्हणाल्या. "छातीत गाठ हाय. नवा फुटवा येऊन बरं व्हईल म्हनला, मग पुन्याची औषधं सोडली."

"आधी का नाही सांगितलंत?"

"तुमी फुटव्याचं कुठं इचारलं?"

आरोपी दोन दिवसांत सापडला. चौकशीत तो इंग्रजी शब्द फेकत राहिला. मी त्याच्या बाटल्या टेबलावर ठेवल्या. "जिवंत पेशी गोठवून ठेवतात. ह्या डिकीत, उन्हात होत्या. यात जिवंत काय आहे?"

त्यानं एक बाटली बाजूला सरकवली. "दुखणं थांबायचं, मॅडम. लोक खूश व्हते." प्रयोगशाळेच्या अहवालात नुसतं दुखणं तात्पुरतं दाबणारं स्टेरॉइड निघालं. त्याला शिक्षा झाली.

बाईंना पुण्याला नेलं, तोवर गाठ पसरली होती. डॉक्टरांचं म्हणणं मी त्यांना जमेल तसं सांगितलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "उशिराचा फुटवा वांझ असतो, मॅडम. दाना न्हाई, नुसता खातो. मला ठावं व्हतं की."

ते तीन आठवडे त्यांना पुरले असते का, हे मी डॉक्टरांना विचारलं नाही. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत प्रत्येक जबाब मी बोलणाऱ्याच्याच शब्दांत लिहून घेतला.

लावणीच्या आधी त्या गेल्या. त्यांचं ते उशिराच्या फुटव्याचं वाक्य माझ्या डायरीत आहे, त्यांच्याच बोलीत.