शंभर टक्के उन्हावर

नोकरी गेली त्या वर्षी मी क्युपर्टिनोच्या घरात दिवसभर रिकामा बसलेला असायचो. पुण्याच्या कॉलेजातला माझा रूममेट इथे दहा मिनिटांवर राहतो. आपली कंपनी विकून तो तेव्हा समाजकार्यात उतरला होता. एक दिवस घरी येऊन म्हणाला, "यार, युगांडात फळं सुकवायचा कारखाना काढतोय. सगळा सोलरवर. ड्रायर तू डिझाइन कर. आणि नोकरीचं म्हणशील, तर एका ठिकाणी तुझ्यासाठी शब्द टाकलाय."

पहिला ड्रायर आम्ही त्याच्या बॅकयार्डात उभा केला. पारदर्शक छताचा लांबट बोगदा, आत जाळीचे ट्रे, टोकाला सोलर पॅनेलवर चालणारे पंखे. कॅलिफोर्नियाच्या उन्हात अननसाच्या चकत्या दोन दिवसांत छान वाळल्या. इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या पिकनिकला वाटल्या, तर लोक परत मागायला आले. त्याच पिकनिकला देणगीदारही मिळाले.

मग मी युगांडात गेलो. कारखाना सांभाळायला ज्या बाई नेमल्या होत्या, त्या गावातल्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांनी ड्रायरच्या सांगाड्याभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "ढग असले की हे काय करतं?"

"हळू चालतं."

"किती हळू?"

मी आकडे सांगितले. त्यांनी मनातल्या मनात हिशेब केला असावा.

"आमच्याकडे अननस भरभरून येतो तो पावसात," त्या म्हणाल्या. "ऊन कडक असतं तेव्हा फळ थोडं. एक भट्टी लागेल तुम्हाला, लाकडावरची. नाहीतर माल कुजेल."

त्यांचं बरोबर होतं. माझ्या डिझाइनमधली ही चूक त्यांनी पाच मिनिटांत दाखवली होती. मी लगेच मित्राला मेल केली. त्याचा फोन आला.

"भट्टी? अरे, शंभर टक्के सोलर म्हणून तर लोकांनी पैसे दिलेत. धूर दिसला की सगळे पळतील. एक सीझन जाऊ दे, मग बघू."

समीकरणं माझी होती. एक सीझनही निघणार नाही हे मला कळत होतं. "ठीक आहे," मी म्हटलं. माझ्या नोकरीसाठी त्याने टाकलेला शब्द अजून पोचायचा होता, हेही मला कळत होतं.

मी परत आलो आणि काही महिन्यांनी तिकडे पाऊस सुरू झाला. एका सकाळी मी चहा घेत होतो, तेव्हा बाईंचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे संध्याकाळ होती. त्यांनी फोन एकेका ट्रेवरून फिरवला. चकत्यांवर पांढरी बुरशी चढली होती. मागे बायका उभ्या होत्या, तीन दिवस फळं कापून हात सोललेल्या.

"शेतकरी अजून सायकलींवर अननस घेऊन येतायत," बाई म्हणाल्या. "त्यांना काय सांगू?"

"थोडे दिवस थांबायला सांगा."

"अननस थांबत नाही, इंजिनिअर."

तो सगळा माल त्यांनी कारखान्यामागे खड्डा करून पुरला. ज्यांनी दुसरं गिऱ्हाईक सोडून बाईंच्या शब्दावर फळ आणलं होतं, त्या शेतकऱ्यांच्या शिव्याही त्यांनीच खाल्ल्या.

इकडे देणगीदारांची मीटिंग झाली. मित्राने फोटो दाखवले. एका फोटोत बाई हसत होत्या. तो म्हणाला, "टेक्नॉलॉजी सिद्ध झाली आहे. कमी पडलं ते लोकल मॅनेजमेंट. म्हणून तूर्त प्रोजेक्ट बंद करतोय."

पहिल्या रांगेतल्या एका काकूंनी माझ्याकडे वळून विचारलं, "तुम्ही तिथे होतात ना? त्या बाई निष्काळजी होत्या का हो?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मित्रही.

"तिथली परिस्थिती अवघड आहे, काकू," मी म्हटलं.

काकूंनी मान हलवली. त्यांना उत्तर मिळालं होतं.

आठवड्याने बाईंचा फोन आला. कारखाना बंद करायचं पत्र त्यांच्या हातात पडलं होतं, आणि त्यात कारण लिहिलेलं होतं.

"भट्टीचं मी सांगितलं होतं, ते तुम्ही त्यांना कळवलं होतं?"

"त्याच दिवशी कळवलं होतं."

"मग मीटिंगमध्ये सांगितलंत?"

मी तिकडचा पाऊस थांबला का ते विचारलं.

"मला रोज त्याच लोकांसमोरून बाजारात जावं लागतं," त्या म्हणाल्या. "तुम्हाला नाही लागत."

कारखान्याला कुलूप लागलं. पॅनेल तिथल्या दवाखान्याने नेली. मला नोकरी लागली, मित्राच्याच शब्दावर. बायकोने इंडियन ग्रोसरीतून पेढे आणले आणि माझ्याकडे बघून विचारलं, "असा का बसलायस?"

मी तिला पहिल्यापासून सगळं सांगितलं. तिने पेढ्यांचा डबा बंद केला.

"मग आता तरी त्या बाईंना फोन कर."

"केला," मी म्हटलं. "चार वेळा केला. उचलत नाहीत."