मलेरियावाले आणि मरळ

"पाणी कधीचं?"

कुणाच्याही घरात पाऊल टाकलं की मलेरियावाल्यांचा पहिला शब्द हाच. नमस्कार नंतर, बरं आहे का वगैरे त्याच्याही नंतर. प्यायला पुढे केलेल्या ग्लासकडेसुद्धा ते अशा संशयाने बघायचे, की देणारीला आपण भांडं घासलं होतं की नाही याचीच शंका यावी. एकदा आमच्या शाळेत सरस्वतीपूजनाला आले. फोटोला हात जोडले आणि लगेच बाजूची फुलदाणी उचलून तिच्यात डोकावले. "बाई, पाणी कधीचं?"

"आजचं," मी ठणकावून सांगितलं.

"आजचं, तर मग हे कोण?" म्हणून त्यांनी फुलदाणी माझ्या नाकासमोर धरली. आत दोन अळ्या मजेत वळवळत होत्या. पहिल्या रांगेतल्या पोरी फिदीफिदी हसल्या. मी त्या दिवसापासून फुलदाणीच ठेवली नाही.

मी तेव्हा मुलुंडला, खाडीच्या बाजूच्या गावठाणातल्या शाळेत शिकवत होते आणि शाळेमागच्याच चाळीत राहत होते. गावठाणात सगळी कोळ्यांची घरं. आम्ही चाळकरी कोकणातले, गिरणीतून बाहेर फेकले गेलेले आणि मिळेल ते करणारे. कोळी आणि चाळकरी एकमेकांना फारसं मोजायचे नाहीत. दोघांच्या मध्ये विहीर होती. नळ आले होते, पण ते पहाटे जेमतेम तासभर यायचे. बाकी दिवसभर विहीरच.

तर हे मलेरिया खात्याचे गृहस्थ. त्यांना नाव होतंच, पण ते कुणी वापरलं नाही. चाळीत ते मलेरियावाले आणि कोळीवाड्यात मच्छरवाले. खाकी कपडे, खांद्याला पिशवी, हातात लांब दांड्याचं पांढरं ओगराळं. पाण्यात ओगराळं बुडवायचं, उन्हात धरायचं आणि अळ्या दिसतात का बघायचं, हे त्यांचं काम. टाकीत, पिंपात, टायरात, कुठेही. ताप आलेल्या माणसाचं बोट टोचून रक्त घ्यायचं, हेही त्यांच्याकडेच होतं. पण तुम्हाला गंमत सांगते, त्यांना रक्त बघवत नसे. बोट आपलं आणि डोळे मिटायचे त्यांनी. "झालं का बाई? आलं का?" असं आपल्यालाच विचारायचे.

गोळ्यांच्या बाबतीत मात्र दयामाया नाही. त्या कडूजहर गोळ्या देऊन ते समोर उभे राहायचे. "गिळा. आता तोंड उघडा. जीभ वर करा." आमच्या हेडमास्तरांनाही त्यांनी अख्ख्या शाळेसमोर जीभ वर करायला लावली होती. त्यानंतर वर्गात कुणी खोटं बोललं की पोरं ओरडायची, "जीभ वर कर!"

ते मूळचे माणदेशातले, दुष्काळी मुलखातले. जन्मात कधी मासा खाल्ला नव्हता, शिवलाही नव्हता. आणि नेमणूक कुठे, तर कोळीवाड्यात. सुकत घातलेल्या जवळ्यामधून ते नाकाला रुमाल लावून अशा लांब ढांगा टाकत जायचे, की बायका हातातलं काम सोडून बघायच्या. त्यात हिराबाय पुढे. मुलुंडच्या मार्केटात मासळी विकणारी, गळ्यात ठसठशीत सोनं, आवाज असा की खाडीपल्याड ऐकू जावा. ती जगाला तू म्हणायची.

"काय रं मच्छरवाल्या, घे की येक चिंबोरी. चावत नाय, नांग्या बांधल्यान."

"नको मावशी, तुम्ही फक्त ते पिंप रिकामं करा."

"पिंप करतंय रिकामं. तू चिंबोरी घे."

हे दर आठवड्याला चालायचं. त्यांनी चिंबोरी घेतली नाही आणि हिराबायने पिंप रिकामं केलं नाही.

त्या उन्हाळ्यात गावठाणात घरटी एकेक जण तापाने फणफणला आणि विहिरीत ओगराळं बुडवलं की अळ्याच अळ्या. ऑफिसातून हुकूम निघाला, की विहिरीवर स्लॅब टाकून ती कायमची बंद करायची. झालं! कोळीवाड्यात एकच गलका उठला. कारण हिराबायच्या मंगलचं लग्न तोंडावर आलं होतं. त्यांच्यात हळदीआधी बायका वाजतगाजत विहिरीवर जातात, विहिरीची पूजा करतात आणि तिथून भरून आणलेल्या पाण्याने नवरीला न्हाऊ घालतात. हिराबायला त्याच पाण्याने न्हाऊ घातलं होतं, तिच्या सासूलाही. "नलाच्या पान्यानं नवरी न्हायाची? माजी पोर काय बादली हाय?" हिराबायने विचारलं.

तुम्हाला वाटेल, मलेरियावाल्यांना काय, विहीर बंद झाली तर त्यांचं एक काम कमी. मलाही तसंच वाटलं होतं. पण ते त्या दिवशी शाळेच्या पायरीवर बसले ते उठेचनात. मी चहा दिला. चहा कधीचा हेही विचारलं नाही, म्हणजे बघा.

"बाई," ते म्हणाले, "आमच्याकडं वैशाखात विहिरीच्या तळाला माणूस उतरवत्यात. तो वाटीवाटीनं पाणी भरून वर देतो. माझी आई रांगेत बसून असायची. आणि हितं वैशाखात कंबरभर पाणी हाय, त्याच्यावर मी सिमिट टाकू?"

मला त्यांच्याविषयी तेव्हा पहिल्यांदा माया वाटली. तोवर मी त्यांना नुसतं हसतच होते.

ते ऑफिसात गेले, साहेबांच्या मागे लागले आणि मुदत घेऊन आले. विहिरीत गप्पी मासे सोडायचे. हे नखाएवढे मासे अळ्या खातात. लग्नाच्या दोन दिवस आधी साहेब स्वतः येऊन बघणार. अळी दिसली तर स्लॅब, नाही दिसली तर विहीर तुमची.

दुसऱ्या दिवशी ते पत्र्याचा डबा घेऊन आले. हात लागू नये म्हणून डबा अंगापासून लांब धरलेला. कोळीवाडा विहिरीभोवती जमला. हिराबायने डब्यात डोकावून पाहिलं आणि असं तोंड केलं की विचारू नका. "हे मासं? याला मासं बोलतात? आरं, हे आमच्या जाल्यातून परत पान्यात जातात!"

मासे सोडले. चार दिवसांनी बघतात तर एक नाही. अळ्या तशाच. त्यांनी पुन्हा डबा आणला, पुन्हा सोडले. ते मासेही गायब. तिसऱ्यांदाही तेच झालं, तेव्हा त्यांचा संयम सुटला. लग्न आठवड्यावर आलं होतं. विहिरीच्या कठड्यावर ओगराळं आपटून ते ओरडले, "खाल्ले! तुम्ही लोकांनी खाल्ले माझे मासे!"

आता विचार करा. कोळीवाड्यात उभं राहून, कोळणींच्या तोंडावर, तुम्ही नखाएवढे मासे चोरून खाल्ले, असं म्हणायचं! हिराबायने पदर कमरेला खोचला.

"मी? मी पापलेट विकतंय, हलवा विकतंय. मी तुजं हे किडं खाईन? कशात तलू ते? चमच्यात?"

बायका सगळ्या बाजूंनी तुटून पडल्या. ते मागे सरकत शाळेच्या भिंतीला टेकले. मी मध्ये पडले म्हणून, नाहीतर त्यांची वाट लागली होती. मी म्हटलं, "हिराबाय, ते चुकले. पण मासे गेले कुठे, ते तरी सांगा. विहीर जाईल, मंगलचं पाणी जाईल. तुम्हाला काही माहीत असेल तर बोला ना."

सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या.

"आमी नाय खाल्लं," ती हळूच म्हणाली. "तिनं खाल्लं."

"ती कोण?" मलेरियावाल्यांनी विचारलं.

हिराबायने विहिरीकडे नजर टाकली आणि पदर डोक्यावर घेतला.

तर विहिरीत मरळ होती, लहान मासे खाणारी गोड्या पाण्यातली मासळी. हिराबायच्या सासूने कधीकाळी गाळ उपसल्यावर तलावातून आणून सोडलेली. विहिरीत मासळी असली की विहीर जिती राहते, असं त्यांच्यात मानत. एक मेली की तिच्या जागी दुसरी. ही आता हातभर झाली होती. पहाटे श्वास घ्यायला वर यायची, तेव्हा पाणी भरायला गेलेल्या बायका तिला बघायच्या, पण तिचं नाव काढायचं नाही, ती आहे असंही बोलायचं नाही. मी तीन वर्षं त्या विहिरीचं पाणी पीत होते आणि मला पत्ता नव्हता.

"मग काढा की तिला," मलेरियावाले म्हणाले. "तुम्ही एवढे कोळी!"

"कोल्याचा हात नाय लागनार," हिराबाय म्हणाली. "कोल्यानं धरली म्हंजे मारली. इहिरीची मासली मारून मी पोरीचं लगीन लावू?"

"स्लॅब पडला तर ती आत काळोखात मरल, मावशी."

हे मात्र तिला लागलं. ती कठड्यावर बसली. तिचे डोळे भरून आले. मग तिने मान वर केली आणि मलेरियावाल्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"तू मासं खात नाय," ती म्हणाली.

"न्हाय."

"कवा मारलं पन नाय."

"शिवलो बी न्हाय."

"मंग तूच उतर."

मी त्यांचा चेहरा बघितला. माणूस रक्ताला डोळे मिटतो, त्याला हातभर मरळ धरायला सांगत होते. ते नाही म्हणतील अशी माझी खात्री होती. त्यांनी पिशवी माझ्या हातात दिली, शर्ट काढून कठड्यावर नीट घडी करून ठेवला, पंचा खांद्यावर टाकला आणि भिंतीतल्या खोबणींत पाय देत उतरले.

पुढचा तासभर गावठाणात कुणी घरात राहिलं नाही. जाळं नको, पाटी नको, असं हिराबायचं फर्मान. त्यामुळे वरून नुसत्या सूचना. "शेपटी नको धरू!" "तोंडाखाली हात घाल!" "आरं, मिठी मार, मिठी!" खाडीत आयुष्य घातलेले बाप्ये कठड्यावर ओणवे होऊन हात चोळत होते. इतकी सोपी मासळी, आणि आपण हात लावायचा नाही! खालून फक्त पाण्याचा आवाज आणि मधूनच "आई गं" ऐकू यायचं. चाळीतले लोकही येऊन कोळ्यांच्या खांद्याला खांदा लावून बघत होते. माझा नवरा, जो कोळीवाड्यातून कधी चालत गेला नव्हता, तोही ओरडत होता, "डावीकडे, डावीकडे!"

शेवटी खालून आवाज आला, "धरली!" दोर सोडून दोघांना वर ओढलं. मलेरियावाल्यांचे डोळे घट्ट मिटलेले आणि पंच्यात गुंडाळलेली मरळ छातीशी.

"घ्या हिला कुणीतरी," ते डोळे न उघडताच म्हणाले.

कुणीच पुढे झालं नाही. मग तिला पाणी भरलेल्या हंड्यात घातली, शेपूट बाहेरच राहिली, आणि हंडा त्यांच्याच डोक्यावर. देवळामागच्या तळ्यापर्यंत तेच घेऊन गेले. मागे बायका. हिराबायने मरळीला हळदकुंकू वाहिलं आणि कुणीतरी लग्नाचं गाणं सुरू केलं. सगळ्यांनी सूर धरला. गप्पी मासे चौथ्यांदा सोडले, ते राहिले.

साहेब ठरल्या दिवशी आले. त्यांनी स्वतः ओगराळं बुडवलं, उन्हात धरलं, पुन्हा बुडवलं. हिराबाय माझा हात इतका करकचून धरून होती की बांगडी रुतली. "स्वच्छ आहे," साहेब म्हणाले, आणि मलेरियावाले कठड्याला धरून खालीच बसले.

मंगल विहिरीच्या पाण्याने न्हाली. हळदीला मलेरियावाल्यांना मानाने बोलावलं आणि त्यांच्यासाठी वेगळ्या चुलीवर वरणभात केला. पहिली घागर त्यांनीच ओढली. भरलेली घागर वर आली तेव्हा त्यांना रडू फुटलं. माझंही काही वेगळं नव्हतं.

दोन वर्षांनी ते निवृत्त झाले आणि गावी निघाले. निरोप घ्यायला आले तेव्हा हातात एक रिकामी किटली होती. "मावशी," ते हिराबायला म्हणाले, "विहिरीतले थोडे मासे द्याल का?"

हिराबायच्या दादल्याने धाकट्या भावाला हाक मारली. मरळीसारखी यांना हात न लावायची आण नव्हती, पण जाळ्यातून निसटणारे मासे ते, म्हणून दोघांनी मच्छरदाणीचा तुकडा बांबूला बांधला आणि कोळंबीला लावतात तसा जीव लावून ते धरले. किटलीत नीट मोजकं पाणी भरलं.

"तुमच्या इहिरीत पानी हाय?" हिराबायने विचारलं.

"औंदा न्हाय."

"मंग?"

"येईल की. तवर घरात रांजण हाय."

हिराबायने किटलीच्या तोंडावर ओलं फडकं बांधलं, वारा जाईल एवढी फट ठेवली आणि किटली त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती अंगाशी धरली आणि हिंदकळू नये म्हणून सावकाश, एकेक पाऊल टाकत ते सुकत घातलेल्या जवळ्यामधून निघून गेले.