केर न काढलेली जमीन

आमच्या काकूला घरात सगळे 'केरसुणी' म्हणतात. माणूस ताटावरून उठायच्या आत तिचा झाडू पायाशी हजर! दिवसभर शिवणयंत्र चालवून ती संध्याकाळी हौसेने इतिहासाच्या वर्गाला जायची. वर्ग संपत आला तेव्हा बाईंनी सांगितलं, प्राचीन रोमबद्दल जे शिकलात, ते फरशीचे तुकडे जडवून चित्रात दाखवा. बाकीच्यांनी गरुड निवडले, सैनिक निवडले. काकू मात्र धावतच घरी आली.

"अगं पोरी, तिथले बडे लोक जेवणघराच्या जमिनीत मुद्दाम सांडलेल्या खरकट्याचं चित्र जडवून घ्यायचे, अगदी खरं वाटेल असं! माशाचे काटे, अक्रोडाची टरफलं, वर उंदीर! मी तेच करणार!"

"तू? खरकटं?" काकांची हसून मुरकुंडी वळली.

मग आठवडाभर स्वयंपाकघरात फुटक्या फरश्यांचा नुसता उकिरडा, आणि काकूला त्याची शुद्धच नाही! टरफलाचा रंग जमेना, तेव्हा तिने काकांचा तपकिरी कप बिनदिक्कत फोडला. पूर्ण झालेलं चित्र तिथेच जमिनीवर वाळत ठेवलं.

सकाळी खरखर ऐकून आम्ही धावलो. अर्धवट झोपेतली काकू वाकून अक्रोडाच्या टरफलावर झाडू मारत होती. टरफल काही हलेना. एकदम झाडू फेकून ती ओरडली,

"अहो, बघा, बघा! मी फसले! मीच फसले!"