धोंड्याच्या महिन्यानं लांबलेलं वर्ष

बयनाबाई उभ्याउभ्या हरवायची. गुडीहत्नूरजवळच्या बापाच्या मळ्यात वांगी तोडता तोडता तिचा हात थांबायचा आणि डोळ्यांपुढं माहेरची पांढरी बैलजोडी यायची. शिंगांना बेगड, पाठीवर झूल, तोरणाखालून हळूहळू दूर जाणारी.

ती जोडी चौऱ्याऐंशीच्या पोळ्याला तिच्या नवऱ्यानं, भगवानरावनं, नेली होती. "लग्नातलं राह्यलं होतं, ते नेऊन राह्यलो," म्हणाला. तिच्या बापानं, अमृतरावांनी, स्वतःच दावं सोडून दिलं. पुढं चार महिन्यांत भगवानरावनं बायकोही माहेरी आणून टाकली. बैल तेवढे ठेवून घेतले. असल्या माणसाला जावई म्हणून मिरवायचं, हे आपलं नशीब, असं अमृतरावांना वाटे.

हुंड्याची तक्रार वर्षाच्या आत करावी लागे. अमृतराव म्हणाले, "पोळ्याच्या पोळ्याला वर्ष भरते. औंदा धोंड्याचा महिना आला, तो कोणी मोजते काय?" म्हणून बापलेक पुढच्या पोळ्याच्या आदल्या दिवशी आदिलाबादला वकिलाकडं गेले. वकिलानं भिंतीवरचं कॅलेंडर दाखवलं. गेला पोळा ऑगस्टात होता, औंदाचा सप्टेंबरात; कोर्टाचं वर्ष ऑगस्टातच संपलं होतं. अमृतराव बोटांवर पुन्हा महिने मोजू लागले.

गांधी जयंतीपासून नवा कायदा लागू झाला. हुंड्याच्या तक्रारीला आता मुदतच नाही! बयनाबाई जणू तरंगतच पुन्हा वकिलाकडं पोचली. वाटेतल्या प्रत्येक बंडीला तिला आपलीच जोडी दिसत होती.

"बाई, तुमची मुदत त्याआधीच संपली," वकील हळू आवाजात म्हणाला. "संपलेली तक्रार नवा कायदा उठवत नाही. यापुढं कोणी साक्षीदारांसमोर नुसतं मागितलं, तरी मात्र गुन्हा; त्याला मुदतीची आडकाठी नाही."

दिवाळीत भगवानराव आला. "आता गाय द्या. लग्नातली बोली हाये. मंगच हिला नेतो."

अमृतरावांचा हात गायीच्या दाव्याकडं गेला. बयनाबाईनं तो धरला. "थांबा, बाबा."

तिनं शेजारच्या कौशल्याबाईंना आणि बाबारावांना अंगणात बोलावलं, नवऱ्याला घोंगडी अंथरली.

"बसा. आता सांगा मोठ्यानं, काय काय पायजे?"

भगवानराव खुलला. ऐटीत मांडी घालून, चारचौघांसमोर, गायीपासून सुरू झाला. बयनाबाई गालाला हात लावून ऐकत राहिली. त्याचं मागणं संपूच नये, असं तिला वाटत होतं.