पहिले अठ्ठेचाळीस तास

आमच्या ह्यांनी पन्नासाव्या वर्षी कॉलेजात नाव घातलं, तेव्हा मी पोट धरून हसले होते. हे म्हणजे हणमंत, माझे यजमान. हवाई दलात वीस वर्षं नव्या जवानांकडून कवायत करून घेतली, शेवटची बदली लखनौजवळ बख्शी का तालाबला झाली, आणि निवृत्तीनंतर आम्ही इथंच दोन खोल्या बांधल्या. गावाकडचे अजून विचारतात, परत का आला नाहीत? अहो, पोरीची शाळा इथं होती, मग तिला नोकरीही इथंच लागली, राहिलो झालं.

तर हे गेले बीपीएड करायला. शारीरिक शिक्षणाची पदवी, दोन वर्षांची, सीतापूर रस्त्यावरच्या एका खासगी कॉलेजात. वर्गात सगळी विशी-बाविशीची पोरं आणि त्यांच्यात हा पिकल्या मिशांचा विद्यार्थी. शिंगं मोडून वासरांत शिरलात, म्हटलं मी. पोरं ह्यांना अंकलजी म्हणायची, आणि हे त्यांना रांगेत नीट उभं राहायला सांगायचे. फॉर्म मात्र ह्यांनी स्वतः आणला नव्हता. तो आमच्या नीलमनं आणला होता, आमच्या एकुलत्या एक लेकीनं. का आणला, ते मला पुढं दीड वर्षानं कळलं.

हे मूळचे विट्याजवळच्या एका खेड्यातले. सगळं लहानपण तालमीत गेलं. तालमीत डॉक्टर कुठला, तिथं वस्ताद. पाय मुरगळला की वस्ताद गरम तेल लावून रगडणार, कळ थेट डोक्यात जाणार, आणि दुसऱ्या दिवशी पोरगं परत मातीत. दुखणं अंगात बसू द्यायचं नाही, घाम काढला की मुरड जाते, हे ह्यांच्या मनात तेव्हापासून पक्कं. हवाई दलातही ह्यांच्या हाताचं नाव होतं. कुणाची पाठ धरली, कुणाचा खांदा आखडला की बोलावणं यायचं. मोहरीचं तेल, त्यात ओवा आणि लसूण, बोट पोळेल इतकं गरम. ते तापवायचं काम लग्न झाल्यापासून माझं.

नीलम खो-खो खेळायची. ह्या मुलखात खो-खोला कोण विचारतं? पण ह्यांनी घरामागच्या मैदानात दोन खांब रोवले, चुन्यानं रेषा मारल्या आणि आजूबाजूच्या मुली गोळा केल्या. त्यात आमची पोर उजवी. बाप म्हणून सांगायचे असं नाही, मीही बघत होते की. हुलकावणी अशी द्यायची की पाठलाग करणारी खांबाला जाऊन भिडायची आणि ही मागं उभी राहून हसायची.

ती सतरा वर्षांची असताना, एका शुक्रवारी संध्याकाळी सरावात तिचा डावा गुडघा फिरला. रविवारी सकाळी अंतिम सामना होता, आणि त्यातूनच राज्याच्या संघासाठी मुली निवडणार होते. गुडघा टम्म सुजला. ह्यांनी तिला जमिनीवर बसवलं आणि मला हाक मारली, तेल आण. मी आणलं. अर्धा तास रगडला तो गुडघा, पोर उशीचा कोपरा दातांत धरून बसली होती. शनिवारी सकाळी पुन्हा, संध्याकाळी पुन्हा. रविवारी पट्टी आवळून तिला मैदानात उतरवलं. चालता येतंय ना, मग पळताही येतं, हे ह्यांचं जवानांना सांगायचं वाक्य, तेच लेकीला सांगितलं. चौथ्या मिनिटाला खांबाजवळ वळताना ती पडली आणि उठलीच नाही. गुडघ्यातून आवाज आला होता, रांगेत पाटीवर बसलेल्या मुलींनीसुद्धा ऐकला.

आतला अस्थिबंध तुटला होता, गादीही फाटली होती. ऑपरेशन झालं, पण खेळ संपला. आता ती सत्तावीस वर्षांची आहे, इंदिरा नगरला एका विमा कंपनीत नोकरी करते, तिथंच मैत्रिणीबरोबर भाड्यानं राहते. मेट्रोचा जिना एकेक पायरी धरून उतरते. सत्यनारायणाला सगळ्या बायका खाली बसतात आणि माझी लेक म्हाताऱ्यांच्या रांगेत खुर्चीवर. आम्ही नशिबाला बोल लावला. दृष्ट लागली, असंही मी म्हणाले, मीठमोहऱ्या उतरून टाकल्या. दहा वर्षं असं म्हणतच काढली.

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यातली गोष्ट. नीलम दर रविवारी येते तशी आली होती. ह्यांच्याकडे सरावाला येणारी मैत्रेयी, इथल्याच हवाई दलातल्या एका मराठी घरची तेरा वर्षांची मुलगी, मैदानात गुडघा धरून खाली बसली. ह्यांनी तिला उचलून आमच्या दारात आणलं आणि नेहमीसारखी हाक मारली. मी वाटी गॅसवर ठेवलीसुद्धा. नीलम उठली, तिनं गॅस बंद केला, मैत्रेयीला स्कूटीवर मागं बसवलं, आणि मुझे उधर ही जाना है, डॉक्टर को दिखा देती हूँ, एवढं बोलून निघून गेली. हे चिडले. आजकाल जरा कुठं खरचटलं की डॉक्टर, असं बराच वेळ पुटपुटत होते.

पुढच्या रविवारी ती बीपीएडचा फॉर्म घेऊन आली. नोकरीत असताना ह्यांनी बाहेरून परीक्षा देऊन बीए केलं होतं, ती गुणपत्रिका तिनं ट्रंकेतून शोधून काढली, फोटो चिकटवला, सगळं भरून फक्त सहीला पुढं केलं. पापा इतकं शिकवतात, तर हातात पदवी नको का, म्हणाली. ह्यांना तर आभाळ ठेंगणं झालं. चार दिवस भेटेल त्याला सांगत होते, बेटी ने दाखिला करवाया है. मला वाटलं, पोरीची माया.

दीड वर्ष आमच्या घरातच शाळा भरली. फ्रिजवर हाडांच्या सांगाड्याचा तक्ता लागला. मी पोळ्या लाटायची आणि हे बाजूला उभं राहून हाडांची नावं पाठ म्हणायचे. पाठ घ्यायला एका शाळेत पाठवलं, तर सहावीच्या पोरांना अशी सावधानची आज्ञा दिली की शेजारच्या वर्गातली पोरंही उभी राहिली. तपासायला आलेल्या बाईंनी वहीत लिहिलं, आवाज कमी, प्रेम जास्त. ते हे मला तीनदा वाचून दाखवत होते. पहिल्या वर्षाला पहिला वर्ग मिळाला, तेव्हा नीलमनं मलिहाबादहून दशहरी आंब्यांची पेटी आणली. मी मनात म्हटलं, म्हातारपणी का होईना, माणूस मार्गी लागला.

तिसऱ्या सत्रात खेळातल्या दुखापतींचा विषय होता. तो शिकवायला मधुमती मॅडम, वयानं आमच्या नीलमहून चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील. एक दिवस त्यांनी वर्गाला विचारलं, मैदानात खेळाडूचा गुडघा फिरला तर पहिल्यांदा काय कराल? मग त्याच म्हणाल्या, हणमंतजींना सगळ्यांत जास्त अनुभव आहे, ते सांगतील. हे उठले आणि ताठ उभं राहून सगळं सांगितलं. तेल कसलं, किती गरम, कुठून कुठं रगडायचं, पट्टी कशी आवळायची, दुसऱ्या दिवशी घाम कसा काढायचा. मॅडमनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, पहिले अठ्ठेचाळीस तास, आणि त्याखाली चार गोष्टी. शेक नाही. चोळणं नाही. पळणं नाही. ओढाताण नाही. फक्त बर्फ आणि विश्रांती, आणि तपासल्याशिवाय खेळवायचं नाही. अर्धवट तुटलेला अस्थिबंध अशानंच पूर्ण तुटतो, असंही म्हणाल्या.

हे मला त्यांनी त्या दिवशी सांगितलं नाही. घरी आले, जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी कॉलेजला गेले नाहीत. अकरा दिवस घरात बसून होते. मैदानावरही नाहीत, मुली दारातून हाका मारून परत जायच्या. मला वाटलं वर्गातल्या पोरांशी वाजलं असेल, टोमणे मारून बघितले, पण हे मूग गिळून बसलेले. बाराव्या दिवशी दुपारी मी मेथी निवडत होते, तर समोर येऊन बसले.

"यमुने, पोरीचा पाय मी मोडला," म्हणाले.

मग सगळं सांगितलं, फळ्यावरचं अक्षरन् अक्षर. शुक्रवारी संध्याकाळी पाच ते रविवारी सकाळी नऊ, मी बोटांवर मोजलं. चाळीस तास होतात. त्यात तीनदा तेल आणि एक सामना.

मी भांडले. काय करणार, मला दुसरं येतं काय? म्हटलं, पुस्तकं काय, रोज नवी निघतात. तुमच्या हातानं इतक्या लोकांना बरं वाटलं ते खोटं का? आणि आता नीलमला सांगून तिचा गुडघा परत येणार आहे का? झाकली मूठ सव्वा लाखाची, उगाच उकरून काढू नका. हे ऐकत राहिले. मग एवढंच म्हणाले, दुसऱ्याची मुलगी असती तर मी तिच्या दारात जाऊन माफी मागितली असती की नाही?

रविवारी नीलम आली. चहा झाल्यावर हे तिच्यासमोर उभे राहिले, हात शरीराला चिकटवून, वरिष्ठासमोर चूक कबूल करायला उभं राहावं तसे. आणि सगळं सांगून टाकलं. तेल, रगडणं, पट्टी, सामना. कुठंही स्वतःची बाजू घेतली नाही. डॉक्टर नव्हते, वेळ नव्हता, असली एक सबब पुढं केली नाही.

आमची पोर घरात हिंदीच बोलते. आम्ही मराठीत विचारायचं, तिनं हिंदीत उत्तर द्यायचं, लहानपणापासूनची सवय. त्या दिवशीही सुरुवात तशीच केली.

"पापा, मुझे पता है," ती म्हणाली. मग अडखळत मराठीत आली. "हॉस्पिटलात तुम्ही कागद भरायला खाली गेला होता ना, तेव्हा डॉक्टरांनी मला विचारलं, पहिल्या दिवशी काय केलं. मी सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला. मीच त्यांना म्हटलं, पापांना सांगू नका."

सतरा वर्षांची पोर, पलंगावर पाय टांगलेला, आणि तिनं डॉक्टरांकडून असं वचन घेतलं होतं. हे तिच्यासमोर जमिनीवर बसले. मग दहा वर्षं मला बोलली का नाहीस, एवढंच त्यांच्या तोंडून निघालं.

"तोंडानं सांगता येत नव्हतं. सांगितलं असतं तर तुम्ही परत मैदानात गेलाच नसता. पण मैत्रेयीच्या वेळी तुम्ही पुन्हा तेल मागितलंत. मग म्हटलं, पुस्तकात वाचाल, दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकाल. म्हणून फॉर्म आणला."

अठ्ठावीस वर्षांच्या संसारात मी ह्यांना रडताना पाहिलं नव्हतं. त्या दिवशी पाहिलं. त्यांचा हात तिच्या गुडघ्याकडे गेला आणि मध्येच थांबला, हात लावायची हिंमत झाली नाही. नीलमनं तो हात धरून आपल्या गुडघ्यावर ठेवला. उद्या कॉलेजला जायचं, असं तिनं बजावलं. सोडलं तर मग मी एवढं केलं ते कशाला, म्हणाली.

हे गेले. आता शेवटचं सत्र आहे, पास होतील. मैदानाच्या कडेला खांबाजवळ बर्फाचा निळा डबा असतो, आणि कुणी नुसतं लंगडलं तरी हे तिला सामन्यातून बाहेर काढतात, मग समोरचा संघ जिंकला तरी चालेल. मैत्रेयी मोठी छान खेळते. ती खांबाजवळ वळायला लागली की हे मान खाली घालतात, ती वळून गेल्यावर वर बघतात. मी घरामागच्या खिडकीतून रोज बघते.

त्यांनी आपलं बोलून टाकलं. माझं राहिलं आहे. सामन्याच्या आदल्या त्या शनिवारी संध्याकाळी हे पट्टी आणायला दुकानात गेले होते. नीलमनं मला आत बोलावलं आणि माझा पदर धरून म्हणाली, आई, आत काहीतरी सरकतंय, पापांना सांग ना, मी नाही खेळत. मी सांगू शकत होते. पण ह्यांनी साऱ्या ओळखीच्यांना सामन्याला बोलावलं होतं, आणि मलाही माझी पोर राज्याच्या संघात बघायची होती, खोटं कशाला बोलू. मी म्हटलं, एवढा एक दिवस सोस. आणि तेल तापवायला ठेवलं.

ह्यांना तरी ठाऊक नव्हतं. मला तर पोरीनं स्वतः सांगितलं होतं. हे ह्यांना आजही माहीत नाही, आणि माझी जीभ काही रेटत नाही. नीलम विसरली असेल असं मी स्वतःला समजावते, पण ती काही विसरणारी नाही. दर रविवारी येते, हसते, माझ्या हातचं खाते. मला शिकवण्यासाठी मात्र तिनं अजून कुठलाच फॉर्म आणलेला नाही.