पत्रिका वाचून आलेली माणसं

बाळांनो, हल्ली तुम्ही फोनवर विचारता, एका देशानं शेजारच्या देशात सैन्य घुसवलं तर बाकीचे शेजारी एवढे का बिथरतात? त्याचं पुस्तकी उत्तर मला देता येईल. आयुष्यभर इंग्रजी शिकवलं, तसली उत्तरं पाठ आहेत. पण त्यापेक्षा आपल्या घरात घडलेलं सांगते, आणि क्रमानं सांगते.

एकोणीसशे एकोणऐंशीचा फेब्रुवारी. आम्ही मानवतला राहत होतो. मी हायस्कुलात शिकवत होते, तुमचे आजोबा पोस्टात होते. माझी थोरली जाऊ आणि तिची मुलगी आमच्याजवळच राहायच्या. जाऊबाईंना सगळे अक्का म्हणत. त्यांचे यजमान, म्हणजे आजोबांचे थोरले भाऊ, पलटणीत होते. बासष्टच्या चीनच्या लढाईत ते डोंगरात गेले ते परत आले नाहीत. चीननं सोडलेले कैदी घरोघरी पोचले, त्यांत ते नव्हते. सरकारचा कागद आला: बेपत्ता, बहुधा मृत. अक्कांनी त्यातला 'बहुधा' तेवढा धरून ठेवला. पेन्शन यायची, ती त्या नवऱ्याचा पगार म्हणून घ्यायच्या.

आपलं मूळ गाव बोरी. तिथं सासऱ्यांनी एकदा विहारातल्या भंतेजींना बोलावून थोरल्यांचं पुण्यानुमोदन, म्हणजे गेलेल्या माणसासाठीचा आपला विधी, करायचं काढलं. अक्का दारात आडव्या उभ्या राहिल्या. "मामा, जित्या माणसाचं पुण्यानुमोदन करायलाव का? उद्या आला तर त्याला काय तोंड दाखवताव?" भंतेजी चहा पिऊन गेले. त्यानंतर तो विषय कुणी काढला नाही. भिंतीवर बुद्धाच्या तसबिरीशेजारी थोरल्यांचा वर्दीतला फोटो होता. त्याला हार कधी चढला नाही.

आता त्यांच्या मुलीचं, माझ्या पुतणीचं लग्न ठरलं होतं. बाप गेला तेव्हा ती दीड वर्षाची होती. अठरा पुरी होईपर्यंत थांबायचं, हा माझा हट्ट होता. मार्चमधली तारीख धरली, आणि पत्रिकेपाशी गाडं अडलं. आपल्याकडे पत्रिकेत हयात माणसाच्या नावाआधी 'आयुष्मान' लिहितात आणि गेलेल्याच्या नावाआधी 'कालकथित'. मुलीच्या बापाच्या नावाआधी काय छापायचं?

आजोबा म्हणाले, "वहिनी, तुम्हीच सांगा."

अक्का म्हणाल्या, "वाईच थांबा. आपला मंत्री चीनला निघालाय म्हणं."

खरंच निघाला होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच आपले परराष्ट्रमंत्री चीनला जाणार होते. ही बातमी मीच घरात वाचून दाखवली होती. रुसलेले दोन शेजारी पुन्हा बोलणार, सीमेचा प्रश्न पुढ्यात घेणार, असं पेपरात होतं. अक्कांनी त्याचा आपल्यापुरता अर्थ लावला. एवढा मोठा माणूस जातोय, तर आपल्या माणसांचं विचारल्याशिवाय राहील का?

"मास्तरीणबाई," त्या मला चिडवून म्हणायच्या, "तुमच्या इंग्रजी रेडिवला विचारा, आमचं भांडण मिटलं का न्हाई."

रोज सकाळी मी इंग्रजी बातम्या लावायची आणि त्या पोळपाट घेऊन शेजारी बसायच्या. मंत्र्यांचं स्वागत झालं, बोलणी झाली, हवा चांगली आहे, असं निवेदक सांगत होता. तिसऱ्या-चौथ्या दिवशी अक्का पदर खोचून उठल्या. "छापा 'आयुष्मान'. त्याचा देश त्याला हुडकायलाय, अन् आपुन इकडं त्याला मारून टाकावं का?" आजोबांनी माझ्याकडं बघितलं. मीही मान हलवली. टेबलाशी बसून बोललं की गुंते सुटतात, असं मला तेव्हा मनापासून वाटायचं.

शनिवारी पत्रिकांचा गठ्ठा छापखान्यातून घरी आला. शाईचा वास होता अजून.

रविवारी सकाळी रेडिओ लावला. चीनचं सैन्य व्हिएतनाममध्ये घुसलं होतं. आपले मंत्री तिथंच, त्यांच्याच देशात पाहुणे होते, आणि यजमानानं शेजाऱ्यावर रणगाडे घातले होते. मंत्री दौरा अर्धवट टाकून परत येत होते. माझा विश्वास बसेना. मी रेडिओचा कान पिळला, आवाज मोठा केला. निवेदक तेच पुन्हा, त्याच शांत सुरात सांगत होता.

"काय म्हणायलाय?" अक्का विचारत होत्या. "बोला की!"

मी शाळेचा नकाशा काढला. हा चीन, ही त्याच्या खाली चिंचोळी पट्टी, व्हिएतनाम.

"एवढंसं?" अक्कांनी पट्टीवर बोट ठेवलं. बोटाखाली ती निम्मी झाकली गेली. "ह्यांचं वैर जुनंच हाय का?"

"नाही हो. अमेरिकेशी ते लढत होते तेव्हा चीनच त्यांना तांदूळ आणि बंदुका पुरवत होता."

"मंग?"

"आता म्हणतात, शेजाऱ्याला धडा शिकवायचाय."

अक्कांनी ते बोट पट्टीवरून सरकवत आपल्या सीमेपर्यंत आणलं. मग म्हणाल्या, "आमच्या येळेलाबी असंच म्हणले हुते का?"

मी नकाशा गुंडाळून ठेवला.

पुढचे काही दिवस पेपरांत तेच. आपल्याकडे लोक संतापले. जेमतेम उघडलेलं दार पुन्हा लावून घेतल्यासारखं झालं. रशिया व्हिएतनामच्या बाजूनं उभा राहिला. आजूबाजूचे लहान देश, ज्यांचं व्हिएतनामशी पटत नव्हतं तेसुद्धा, आज त्याची पाळी, उद्या आपली, म्हणून सावध झाले. आमच्या शाळेतले इतिहासाचे सर डबा उघडता उघडता म्हणाले, "पाहुणा बैठकीत बसलेला, अन् ह्यांनी शेजाऱ्याचं छप्पर पेटवलं. आता कोण जाईल ह्यांच्याकडं चहाला?" सगळे हसले. मला हसू आलं नाही. घरी अक्का पत्रिकांच्या गठ्ठ्याकडं पाठ करून बसल्या होत्या.

बातमी आल्याच्या तिसऱ्या दिवशी अक्कांनी तो गठ्ठा पुढ्यात ओढला.

"पेन द्या."

"कशाला अक्का?"

"बोलावलेल्या पाहुण्याची ज्यांनी लाज राखली न्हाई, त्यांनी माझा माणूस इतके वर्षं जपून ठिवला असंल का? सांगा की, मास्तरीणबाई. तुमी शिकल्याल्या हाव."

आजोबा म्हणाले, "वहिनी, नवीन छापून आणतो."

"नगं. माझं मी करते."

अक्षरं त्यांना मीच शिकवली होती, थोरल्यांचं नाव लिहिता यावं म्हणून. आता त्यांनी एकेक पत्रिका घेतली, 'आयुष्मान'वर आडवी रेघ मारली, आणि वर जोर देऊन 'कालकथित' लिहिलं. मी मदतीला हात पुढं केला तर त्यांनी तो बाजूला सारला. पुतणी दाराशी उभी राहून बघत होती. तिचा बाप तिच्या देखत, तिच्याच लग्नाच्या पत्रिकेवर गेला. व्हिएतनाममध्ये त्या दिवशी कुणाकुणाच्या घरी काय चाललं असेल, याचा विचार तेव्हा पहिल्यांदा माझ्या मनात आला, आणि मी तिथून उठून गेले.

पत्रिका पोस्टानं गेल्या. पुढं काय होईल हे आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. बोरीच्या भावकीला ती पत्रिका नव्हतीच. ती थोरल्यांच्या मरणाची खबर होती.

दोन दिवसांनी दुपारच्या एसटीनं बोरीच्या सात-आठ बायका उतरल्या. बसस्टँडपासूनच त्यांचा आक्रोश ऐकू येत होता. दारात मांडवाच्या बल्ल्या येऊन पडल्या होत्या, त्या ओलांडून त्या आत आल्या. मयताच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून नातेवाइकांनी भाकरी न्यायची ही रीत. प्रत्येकीच्या हातात फडकं होतं आणि फडक्यात भाकरी-पिठलं. लग्नघरात दुखवटा आला होता. आजोबा गांगरून म्हणाले, "अहो काकी, लग्न आहे इथं!"

काकींनी, म्हणजे आमच्या चुलत सासूबाईंनी, त्यांच्याकडं लक्षच दिलं नाही. अक्कांना कवटाळून म्हणाल्या, "कवा कळलं गं पोरी? त्या मंत्र्यानं सांगावा आणला का?"

"न्हाई, आत्याबाई. कुणी काई सांगितलं न्हाई."

"मंग कसं कळलं?"

"कळलं," अक्का म्हणाल्या.

आणि मग त्या रडल्या. बासष्टपासून मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. घरात एवढ्या बायका होत्या, पण आवाज त्यांचा एकटीचाच ऐकू येत होता. पुतणीला त्यांनी मांडीवर ओढून घेतलं होतं, दीड वर्षाच्या पोरीसारखं.

दिवे लागायच्या वेळी काकींनी भाकरीचा तुकडा मोडून अक्कांच्या तोंडाला लावला. त्यांनी तो खाल्ला. मग फोटोकडं बघत आजोबांना म्हणाल्या, "भावजी, उद्या बाजारातून हार आणा. अन् भंतेजींना सांगावा धाडा. आधी त्याचं करू, मंग पोरीचं."